पाहुणीच्या बागेत शेळी

पत्ते म्हणजे जुगार, असं आमचे वडील, आबा, म्हणायचे. म्हणून पुण्याच्या कॉलेजातून सुट्टीला आले तेव्हा मी पुठ्ठे कापून वेगळेच पत्ते केले. बी, पाणी, कुंपण आणि शेळी. ज्याची बाग आधी पुरी होईल तो जिंकला. पण कुंपण नसेल तर दुसऱ्यानं शेळी टाकायची, की बाग साफ. आबांनी एकदा डोकावून पाहिलं अन् म्हणाले, "शेनखत कुठंय? बिनखताची वांगी येत्यात व्हय तुमच्या पुन्यात?" मी शेणखताचेही पत्ते केले. त्या दिवसापासून दुपारी डाव मांडायला आबाच सगळ्यांच्या आधी.

एक नियमही त्यांचाच. मामा राहायला आला होता आणि दादानं त्याच्या उघड्या बागेवर शेळी टाकली. आबा खेकसले, "पाव्हन्याच्या रानात शेळी घालतोस? उचल ती!" तेव्हापासून पाहुण्याला शेळी माफ. घरच्यांना मात्र दयामाया नाही. मला तर आबा हटकून गाठायचे. "बीए होनारीला कुंपन घालायचं कळंना!" म्हणत खदखदा हसायचे. गावची शाळा ओलांडून पुढं गेलेली आमच्या घराण्यातली मी पहिली. त्या टोमण्यात किती कौतुक आहे, हे मला बरोबर कळायचं.

कॉलेजचं शेवटचं वर्ष उरलं होतं. एका दुपारी माझी बाग भरात आली होती, पण कुंपण हाती लागत नव्हतं. आबांकडं शेळी होती. ती त्यांनी दादाच्या दोन रोपांवर टाकली.

"अवं आबा, हिची बाग उघडी हाय की! माझीच का म्हून?"

"पाव्हनीच्या बागेत शेळी घालायची न्हाई," आबा सहज बोलून गेले.

दादानं जीभ चावली. मी हसले, मग आईकडं पाहिलं. तिचा हात पत्त्यांवर तसाच थांबला होता.

"कोण पाहुणी?" मी विचारलं.

आबांनी घसा खाकरला. "पुनतांब्याचं स्थळ हाय. गोदावरीचं पानी, लई बागायत. म्या शब्द दिलाय. कॉलेज आता बास."

सगळ्या घराला ठाऊक होतं, एक मी सोडून. आबांच्या लेखी मी घरची उरलेच नव्हते, आणि हे मला असं, खेळता खेळता कळत होतं.

शेवटी ती शेळी मी उचलली आणि माझ्याच बागेवर ठेवली. "मी पाहुणी नाही, आबा. मी बीए होणार."

"दिल्याला शब्द मोडू व्हय?" आबा तडकले.

आणि आई बोलली. आबांपुढं कधी आवाज न काढणारी माझी आई.

"सुपारी फुटली न्हाई अजून. अन् पोरीला पुरी शिकवीन म्हनून तिच्या मास्तरास्नी शब्द कुनी दिल्ता? त्यो आधीचा हाय."

माझ्याहून आबाच जास्त हबकले. मग उठले आणि डोईला पटका गुंडाळू लागले.

"आता ह्या उन्हाचं कुठं?" आईनं विचारलं.

"पुनतांब्याची मोटार गाठतो. शब्द मोडतोय हे सांगायचं तर सोता जाऊन, समोर बसूनच सांगावं लागंल."

वहाणा वाजवत ते निघून गेले. पत्ते अजून माझ्या हातातच होते, आणि ते खाली ठेवायचं मला सुचत नव्हतं.