भाऊजींचं चार फोनोंचं संगीत

माझे धाकटे दीर गेले त्याच्या दहाव्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत मोठ्याने बोलले, आणि बोलले नसते तर बरं झालं असतं.

भाऊजी संगीत रचायचे. पेटी नाही, तबला नाही, तर चावीचे जुने फोनो, म्हणजे ग्रामोफोन! रत्नागिरीत घरोघरी सीडी यायला लागल्या होत्या, त्या दिवसांत भाऊजी संगमेश्वर, हेदवी करत लोकांच्या माळ्यावरचे फोनो उचलून आणत. तबकडीवर खिळ्याने मुद्दाम चरा पाडायचा, म्हणजे सुई तिथेच अडकते आणि तेवढाच तुकडा फिरत राहतो. एका फोनोवर बाईची तान अडकलेली, दुसऱ्यावर सनई (चावी उतरली की तिचा रेडा व्हायचा), तिसऱ्यावर नुसती खरखर आणि चौथ्यावर एका गृहस्थाचं हसणं. पूर्वी म्हणे नुसत्या हसण्याच्याही तबकड्या निघत! चारही एकदम लावले की झाली रचना. पण माणसाला हात दोन. तीन फोनो ते धावपळ करून सांभाळत, हसणारा माझ्याकडे. भाकऱ्या झाल्या की हात पुसायचे, दार लावायचं आणि चावी द्यायला बसायचं. अकरा वर्षं!

एकदा पुण्याहून पत्र आलं. तिथल्या मंडळींना रचना ऐकायची होती. लोकांसमोर, मंचावर.

"वहिनी, तुम्ही आणि मी!"

"मी? नाय बाबा. दुसरं कोणी बघा."

"दुसऱ्याला सुई कधी उचलायची ते कळत नाही."

"मी मरेन तिथे लाजून!"

मी मेले नाही. भाऊजींनी नकार कळवला, आणि त्याच वर्षी तापाचं निमित्त होऊन तेच गेले. घरात त्या पत्राबद्दल कोणाला काही म्हणाले नाहीत. मीही नाही.

दहाव्याला व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठावर पिंड मांडले. समोरच्या आंब्यावर वीसेक कावळे. एकही खाली येईना.

"इच्छा राहिलीय काहीतरी," भटजी म्हणाले. "बोला, शब्द द्या."

आमचे हे हात जोडून पुढे झाले. "बाळा, आईला मी सांभाळीन."

"तू काय सांभाळतोस? मीच तुला सांभाळतंय!" सासूबाई मागून ओरडल्या. (आमच्यात बायका मागेच थांबतात.)

मग चुलत दीर बबन. "दादा, तुझी सायकल न विचारता नेली होती. परत आणून ठेवतो." एक कावळा हलला. सगळ्यांनी श्वास रोखला. त्याने पंख साफ केले आणि तोंड फिरवलं.

ऊन डोक्यावर आलं, भात वाळला. भटजी म्हणाले, "दर्भाचा कावळा करून लावतो. शास्त्रात सोय आहे."

"गवताचा कावळा?" सासूबाईंनी दगडावर बसकण मारली. "खरा शिवल्याबिगर मी पाण्याचा घोट घ्यायची नाय! माजं पोर उपाशी जायचं नाय!"

त्यांचं वय अठ्ठ्याहत्तर. सकाळपासून पोटात चहासुद्धा नव्हता. आणि कावळा न शिवण्याचं कारण फक्त मला ठाऊक होतं.

"त्यांना वाजवायचं होतं," मी म्हटलं. कोणाला ऐकू गेलं नाही. मग मी किंचाळले, "लोकांसमोर वाजवायचं राहिलंय त्यांचं! माझ्यामुळे!"

सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले. व्हाळात उडी टाकावी असं वाटलं, पण पाणी घोट्याइतकंच.

"मग बघतंस काय?" सासूबाई म्हणाल्या. "आण गो ते डबे!"

घरून चारही फोनो आले. आता हात कमी पडले. तान ह्यांच्याकडे, सनई बबनकडे, खरखर भटजींकडे.

"हे पोथीत नाही," भटजी म्हणाले.

"मग पोथी बाजूला ठेवा आणि चावी फिरवा!" (हे मी बोलले. भटजींना! अजून अंगावर काटा येतो.)

मी मान हलवली आणि सुया पडल्या. ह्यांनी वेगाचा खटका पुरता ओढला होता, त्यामुळे तान घार झाली. बबन घाबरून चावी द्यायची विसरला, सनईचा पहिल्यापासूनच रेडा. भटजींची खरखर मात्र उत्तम! नव्वद आकडे मोजून हसणं उचलायचं, अशी भाऊजींची शिस्त. साठाला माझे डोळे भरले, आकडा चुकला, मी परत एकपासून सुरुवात केली. समोर पिंड, तो गृहस्थ हा-हा-हा करून हसतोय, मी रडत त्याला चावी देतेय. मधे थांबवावं असं वाटलंच नाही. भाऊजींचं होतं ते, पुरतं वाजायला हवं होतं.

संपल्यावर हे म्हणाले, "वर बघ."

आंबा रिकामा. पलीकडच्या माडांवरही कोणी नाही. आकाशात कावळ्याचा ठिपका नाही! भटजी दर्भ वळायला बसले.

सासूबाई त्या रिकाम्या झाडाकडे बघत राहिल्या, मग माझ्याकडे. "असंच वाजवायचा तो?"

"जरा बरं."

"आणि तू रोज बसायचंस त्याच्याजवळ?"

"हो."

त्यांनी पदराने डोळे पुसले. "मग तो उपाशी नाय गेला. आण पाणी."

पुढचे आठ दिवस आमच्या वाडीत कावळा फिरकला नाही. (शेजाऱ्यांकडे त्यांच्या वडिलांचं श्राद्ध होतं. घास ठेवून त्यांनी संध्याकाळपर्यंत वाट पाहिली आणि आमच्याशी बोलणं टाकलं.) लोकांसमोर वाजवायला मी भीत होते ते काही उगीच नव्हे. जन्मात एकच कार्यक्रम केला, आणि ज्यांनी खाली येऊन बसावं म्हणून केला, तेच तेवढे उठून गेले!