वरच्या मिसची मराठीची शिकवणी

वरच्या मजल्यावरच्या मिस वारल्या त्याला पाच आठवडे झाले. त्यांच्या दाराला कुलूप आहे, आणि माझे वडील, अण्णा, अजूनही गॅलरीत मराठी हळू आवाजात बोलतात.

पूर्वी असं नव्हतं. आमचं घराणं बेंगळुरात कित्येक पिढ्यांचं. बाहेर कन्नड, घरात मराठी. पाहुणा समोर बसलेला असताना त्याच्याबद्दल काय वाटतं ते हसऱ्या चेहऱ्याने, खणखणीत मराठीत बोलून टाकायचं, ही आमच्याकडची जुनी रीत. अण्णा पीण्या या औद्योगिक भागातल्या एका कारखान्याच्या ऑफिसात दिवसभर गप्प बसायचे. त्याची भरपाई घरी व्हायची.

दुसऱ्या पीयूसीचा, म्हणजे बारावीचा, निकाल लागला आणि मी फिजिक्समध्ये सात मार्कांनी नापास झाले. मला पुढे इतिहास शिकायचा होता. त्यासाठी मुलाखत देऊन एका कॉलेजात जागाही मिळवली होती. अट एकच, पास व्हायचं. पुरवणी परीक्षेच्या निकालापर्यंत जागा धरून ठेवू, त्यापुढे नाही, असं त्यांनी सांगितलं.

संध्याकाळी मिस कोसंबरीची, म्हणजे डाळीच्या कोशिंबिरीची, वाटी घेऊन आल्या. निवृत्त प्राध्यापिका, आणि विषय नेमका फिजिक्स. त्यांना तर कळताच कामा नये.

"निकाल काय?" त्यांनी कन्नडमध्ये विचारलं.

"फर्स्ट क्लास, मिस!" अण्णा कन्नडमध्ये म्हणाले, आणि तसेच हसत आईला मराठीत, "कॉफी टाकू नकोस हां. टाकलीस तर बसेल, आणि बसली की पोरीचे सात मार्क बरोबर पोटातून काढून घेईल."

"सरी," म्हणजे बरं, एवढंच म्हणून मिस हसल्या आणि गेल्या.

रिकामी वाटी परत द्यायची नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी आईने तिच्यात साखर घालून मला वर पाठवलं.

"सात मार्क म्हणजे काही डोंगर नाही," मिस म्हणाल्या. मराठीत.

निम्मी साखर उंबऱ्यावर सांडली.

"बेळगावात आठ वर्षं शिकवलंय मी. तुझ्या वडिलांनी चौदा वर्षांत कधी विचारलं नाही, मग मीही सांगितलं नाही. संध्याकाळी तेवढीच करमणूक. माझ्या नाकाबद्दल ते म्हणतात ते मात्र खरं आहे."

"मिस, अण्णांना सांगू नका. ते घर बदलतील."

"नाही सांगत. उद्या सकाळी सहाला पुस्तक घेऊन ये. घरी सांग, मिसना मराठी शिकवायला जातेय."

अण्णांना हे फार आवडलं. "शिकू दे बिचारीला," म्हणाले, आणि जिन्यात गाठून त्यांची परीक्षा घेऊ लागले.

"मी... पाणी... पिते," मिस चाचपडत म्हणायच्या.

"छान! आता स्वल्प भराभर म्हणा."

वर त्याच मिस माझ्यापुढे स्टीलचा डाव धरायच्या. आतल्या बाजूत तोंड उलटं का दिसतं, बाहेरच्या बाजूत सुलटं का, ते जमेपर्यंत नाश्ता नाही. माझी उत्तरं लांबलचक असायची. "इथे गोष्ट सांगू नकोस, बाई. सूत्र लिही आणि गप्प बस," त्या ओरडायच्या.

"तुझी शिकवणी कच्ची आहे," तिसऱ्या आठवड्यात अण्णा मला म्हणाले. "ती अजून पाण्यावरच आहे."

पुरवणीचा निकाल आला. मी पास झाले, आणि काठावर नाही, चांगली वर. अण्णांनी गॅलरीतूनच मिसना हाक मारली. त्या खाली आल्या तेव्हा कुठे अण्णांना आपली पंचाईत कळली. जी मुलगी गेल्याच महिन्यात फर्स्ट क्लासात पास झाली होती, ती आज पास झाली, हे सांगायचं कसं?

"काही नाही, मिस. असंच बोलावलं," ते कन्नडमध्ये पुटपुटले.

मिसनी खुर्ची ओढली. नीट बसल्या. मग आईकडे वळून स्वच्छ मराठीत म्हणाल्या, "वहिनी, आज कॉफी टाका. मी बसणार आहे. पोटातून काढायला आता काही उरलेलं नाही."

अण्णा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले. चौदा वर्षांतली एकेक संध्याकाळ त्यांच्या चेहऱ्यावरून जाताना मला दिसत होती.

"नाकाबद्दलचं..." शेवटी त्यांनी विचारलं.

"तेही," मिस म्हणाल्या.

अण्णा उठले आणि आईला बाजूला करून स्वतः कॉफी करायला गेले. इतकी पातळ कॉफी आमच्या घरात कधी झाली नव्हती. मिस दोन पेले प्यायल्या. जूनमध्ये मी इतिहासाच्या वर्गात जाऊन बसले.

आता माझं शेवटचं वर्ष आहे. परवा गॅलरीत अण्णांनी समोरच्या घरमालकाच्या नव्या विगबद्दल काहीतरी सुरू केलं, वर पाहिलं आणि थांबले.

"बोला की मोठ्याने," मी म्हटलं. "आता कोण ऐकतंय?"

विगचं उरलेलं त्यांनी माझ्या कानाशी येऊन सांगितलं.