कुलसंमेलनात कळलेली बातमी

बाबांना पंचाहत्तर पूर्ण झाली त्या वर्षी आमच्या आडनावाच्या कुलमंडळाने त्यांचा सत्कार करायचं ठरवलं. असं काही मंडळ आहे हे आम्हाला तोवर माहीतही नव्हतं. नेरूळला घराजवळच्या बागेत सकाळी फिरायला येणाऱ्या एका गृहस्थांनी बाबांना आडनाव विचारलं, मग गाव, मग कुलदैवत. तिन्ही जुळल्यावर त्यांनी बाबांना तिथल्या तिथे सभासद करून घेतलं. ते मंडळाचे सचिव निघाले.

बाबा आधी नको नको म्हणत होते, पण संमेलनाच्या आदल्या आठवड्यात त्यांनी ठेवणीतला झब्बा इस्त्रीला दिला, तेव्हा मला कळलं की त्यांना जायचं आहे. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, म्हणून सोबत मी. माहेरवाशिणींनाही आमंत्रण होतंच.

वाशीतल्या एका सभागृहात कार्यक्रम होता. दारातच अत्तर, गुलाबपाणी आणि छातीवर लावायला नावाचे बिल्ले. आत दीडएकशे माणसं, आणि जिकडे बघावं तिकडे आमच्या घरातलं नाक. मला गंमत वाटत होती. एक आजी मला धरून विचारत होत्या, "तू वरच्या वाडीतली की खालच्या?" मला सांगता येईना. बाबा म्हणाले, "वरच्या." त्या सुखावल्या आणि मला शेजारी बसवून घेतलं.

सत्कारमूर्तींमध्ये बाबा वयाने मोठे, म्हणून समई त्यांच्या हातून लावली. कुलदेवीच्या तसबिरीपुढे ते वाकले तेव्हा मी फोनवर फोटो काढला आणि आईला पाठवला. मग ते येऊन माझ्या शेजारी बसले. अध्यक्षांनी सांगितलं की अहवालाच्या आधी वर्षभरात आपल्यातून गेलेल्यांना श्रद्धांजली वाहू या. दिवे मंद केले आणि पडद्यावर एकेक फोटो येऊ लागला. खाली नाव, मागे हळू आवाजात बासरी.

चौथा की पाचवा फोटो बाबांचा होता.

मला संताप आला. सत्कारातला फोटो श्रद्धांजलीत घातला. पंचाहत्तरीच्या माणसाला त्याच्या तोंडासमोर मारून टाकलं. सचिवांना जाऊन सांगावं, पुढचं थांबवावं, म्हणून मी अर्धी उठलेही. तेवढ्यात नाव वाचलं गेलं. ते बाबांचं नव्हतं.

मी पुन्हा पडद्याकडे बघितलं. बाबांना कधीच नव्हता तसा चट्ट्यापट्ट्यांचा शर्ट. चष्म्याची काडी वेगळी. बाकी सगळं तेच. कपाळ, कानाच्या पाळ्या, डावीकडे थोडं ओढलेलं तोंड.

"हा माझा भाऊ," बाबा म्हणाले. माझ्याशी नाही, कोणाशीच नाही.

तोवर पुढचा फोटो आला होता.

काकांना मी शेवटचं बघितलं तेव्हा मी कॉलेजात होते. आजी गावाला काकांकडे असायची, तिथेच गेली. बाबा तेव्हा ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कंपनीत होते. निरोप आला आणि आम्ही निघालो, पण घाटात दरड कोसळली होती, एसटी अडकली. आम्ही दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोचलो. काकांनी सकाळीच सगळं उरकलं होतं. बाबा तसेच प्रवासाच्या कपड्यांत स्मशानात गेले. परत आल्यावर अंगणात उभं राहून एवढंच म्हणाले, "तुला एक दिवस थांबता आलं नाही." काका म्हणाले, "पावसात आईला किती वेळ ठेवायचं होतं, दादा?" दोघंही आवाज न चढवता बोलले. तेराव्यानंतर आम्ही परत आलो, ते बाबांनी गावाशीही संबंध ठेवला नाही. काकांचा विषय निघाला की ते उठून दुसऱ्या खोलीत जायचे. हळूहळू विषय निघेनासा झाला.

तर तो काका असा पडद्यावर आला आणि गेला.

अध्यक्षांनी सगळ्यांना दोन मिनिटं उभं राहायला सांगितलं. खुर्च्या सरकल्या. मी उभी राहिले. बाबा बसूनच होते. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला तर झब्ब्याखाली खांदा दगडासारखा. 'ओम शांती' झालं, सगळे खाली बसले, आणि मग बाबा उभे राहिले. एकटेच. सचिव हातात अहवाल घेऊन माईककडे निघाले होते, ते थबकले.

"मला माहीत नव्हतं," बाबा म्हणाले. माईक नव्हता तरी सगळ्यांना ऐकू गेलं. "माझा भाऊ गेला हे मला माहीत नव्हतं. मी आत्ता समईला हात लावला."

सचिव खाली आले. त्यांचा चेहरा इतका उतरला होता की मला त्यांना काही विचारवेना. "अहो, मला वाटलं तुम्हाला माहीत असणारच," ते म्हणाले. "सख्खे भाऊ ना. मी म्हटलं, म्हणून तर बागेत त्यांचा विषय काढत नाहीत."

मग जे सुरू झालं ते आजही मला खरं वाटत नाही. पहिल्या रांगेतल्या एका वृद्धांनी सांगितलं की दहा दिवस उलटून गेले असतील तर ऐकल्यावर नुसती आंघोळ करायची. दुसरे म्हणाले, सख्ख्या भावाला तेवढ्याने भागत नाही. तिसऱ्यांनी विचारलं, गेले कधी? मागून कोणीतरी म्हणालं, मग समई विझवून परत लावावी काय? अध्यक्षांनी बाबांचा हात हातात घेऊन समजुतीच्या सुरात सांगितलं, "आपण सत्काराचं पुढे घेऊ. शाल-श्रीफळ आत्ताच स्वीकारा, मग तुम्ही घरी जायला मोकळे." कोणाच्याही मनात वाईट नव्हतं, उलट सगळे बाबांसाठीच धडपडत होते, आणि बाबा मध्ये उभे राहून ज्याच्या-त्याच्याकडे असे बघत होते जणू ही माणसं दुसऱ्याच कुठल्या भाषेत बोलत आहेत.

गर्दीतून एक बाई पुढे आली. चाळिशीची, कॉटनची साडी, खांद्याला ऑफिसची वाटावी अशी पर्स. तिलाही तेच नाक.

"मोठे काका," ती म्हणाली, "आम्ही थांबलो होतो."

बाबांनी तिला ओळखलं नाही. मीही नाही. मी तिला बघितलं होतं तेव्हा ती फ्रॉकमध्ये होती.

"बाबांनी हॉस्पिटलात सांगून ठेवलं होतं. दादा आल्याशिवाय मला हलवू नका. आम्ही संध्याकाळपर्यंत ठेवलं त्यांना. तुमचा जुना फोन लागतच नव्हता. माझा नवरा वाशीला तुमच्या बिल्डिंगवर गेला, तर तिथे बिल्डिंगच नव्हती. सगळीकडून पत्रे लावलेले. वॉचमनला कोणाचंच काही माहीत नाही."

आमची वाशीची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली आणि आईबाबा नेरूळला आले, त्याला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. लँडलाइन तर त्याच्याही आधी काढून टाकली होती. "ताई, तुझं लग्नानंतरचं आडनावही आम्हाला ठाऊक नव्हतं," ती मला म्हणाली. तक्रार नव्हती त्यात, नुसतं सांगत होती.

"कधी गेला?" बाबांनी विचारलं.

"शिमग्याच्या आधी."

"गावाला?"

"नाही, इथेच. उलव्याला. माझं काम न्हावा शेव्याला असतं ना, कस्टम्सच्या कागदपत्रांचं. आईबाबांना मी दोन वर्षांपूर्वी घेऊन आले."

उलवे. बाबांच्या घरापासून गाडीने पाव-अर्धा तास. माझ्या डोळ्यांसमोर काका अजून त्या गावच्या अंगणात उभे होते. ते नवी मुंबईत राहत होते, इथल्याच बाजारात भाजी घेत होते, हे माझ्या डोक्यात शिरायलाच तयार नव्हतं. आजारी पडल्यावर मुलीने बाबांना शोधायचा विषय काढला होता. काका म्हणाले होते, आत्ता नको, बरा झालो की मीच जाईन.

काकू मागच्या रांगेत बसून होत्या. त्यांना फक्त या श्रद्धांजलीसाठी बोलावलं होतं, म्हणून समई लावून झाल्यावरच त्या दोघी पोचल्या होत्या. बाबा त्यांच्यापर्यंत गेले. काकूंनी डोक्यावर पदर घेतला आणि म्हणाल्या, "भावोजी, घरी चला."

आम्ही सत्कार, जेवण सगळं सोडून निघालो. सचिव गाडीपर्यंत आले, दार लावून दिलं.

उलव्याचा फ्लॅट सातव्या मजल्यावर. खिडकीतून इमारतीच इमारती, मध्ये मोकळे प्लॉट. हॉलमध्ये काकांचा तोच फोटो, चंदनाचा हार घातलेला. बाबांनी फोटोकडे बघितलं नाही. दारातच उभं राहून त्यांनी विचारलं, "आंघोळ करून घेऊ का?"

सभागृहातली ती चर्चा त्यांनी ऐकली होती तर. काकूंनी गीझर लावला. बाबा म्हणाले, नको, गारच. मग प्रश्न आला कपड्यांचा. आंघोळीनंतर तोच झब्बा घालायचा नाही. चुलतबहीण आतून काकांचा एक पायजमा आणि घरात घालायचा शर्ट घेऊन आली, बाथरूमच्या दाराच्या कडीला लावला. त्यात काही वेगळं आहे असं तिच्याही मनात आलं नाही, माझ्याही नाही.

काकू स्वयंपाकघरात चहा ठेवत होत्या. बाथरूमचं दार वाजलं, त्या कप घेऊन बाहेर आल्या, आणि पॅसेजमध्ये बाबा उभे होते. ओले केस मागे फिरवलेले, चष्मा काढलेला, अंगात तो शर्ट.

कप पडला नाही. काकूंनी तो हळूच शेल्फवर ठेवला. मग भिंतीला टेकून त्या खाली बसल्या आणि त्यांच्या तोंडून असा आवाज निघाला की तो माणसाचा आहे हे कळायला मला क्षण लागला. चुलतबहीण धावली. "आई, मोठे काका आहेत गं. मोठे काका." पण तीही वर बघेना. नंतर तिने मला सांगितलं की काका गेल्यापासून काकू रडल्याच नव्हत्या. दहावं-बारावं, पाहुणेरावळे, सगळं कोरड्या डोळ्यांनी निभावलं होतं.

बाबांना आधी काही समजेना. मग त्यांनी खाली स्वतःच्या शर्टाकडे बघितलं. मला वाटलं ते परत आत जातील. ते गेले नाहीत. गुडघे दुखतात तरी जमिनीवर काकूंच्या समोर बसले, जरा अंतर राखून. म्हणाले, "मी आलो असतो. कळलं असतं तर मी आलो असतो."

"त्यांना माहीत होतं," काकू म्हणाल्या. बस, एवढंच.

घरी आलो तर आईने त्या शर्टाकडे बघून विचारलं, "हे कोणाचं घातलंत?" बाबा आत गेले. मी तिला सगळं सांगितलं. वॉकर धरून ती खुर्चीपर्यंत गेली. मग म्हणाली, "मी फोटो बघत बसले होते समई लावतानाचा. शेजारणीला दाखवला." तिला आठवून आठवून तेवढंच वाईट वाटत राहिलं.

मंडळाची शाल आणि श्रीफळ सचिव पुढच्या रविवारी घरी घेऊन आले. बाबांनी शाल घेतली. सचिवांशी आता ते बागेत दोन फेऱ्या जास्त मारतात, पण कोणत्याही संमेलनाला जाणार नाहीत म्हणतात.

उलव्याला मात्र ते जातात. उरणच्या गाडीने, एकटे, दुपारचे. काकूंकडे चहा घेतात, फारसं बोलत नाहीत. सुरुवातीला काकू त्यांच्याकडे सरळ बघत नसत, कप ठेवून आत जात. आता समोर बसतात.

एकदा मी बरोबर होते. शनिवार असल्यामुळे चुलतबहीण घरी होती. बोलता बोलता ती म्हणाली, "मोठे काका, शेवटच्या दिवशीचा एक फोटो आहे माझ्याकडे. तुम्ही पोचला नाहीत तर दाखवता यावा म्हणून काढला होता. बघायचाय?" मला तिला थांबवावंसं वाटलं. माझी स्वतःची तो बघायची तयारी नव्हती.

बाबांनी हात पुढे केला. फोन डोळ्यांजवळ नेऊन ते बघत राहिले, बोटांनी मोठा करून बघितला, चेहरा, मग हात, मग पुन्हा चेहरा. मी त्यांच्याकडे बघणं टाळत होते.

"दाढी कोणी केली त्याची?" त्यांनी विचारलं.

"मीच," ती म्हणाली. "त्यांना वाढलेली आवडायची नाही."

"चांगली केलीस," बाबा म्हणाले, आणि फोन तिला परत दिला.