पाचवा फर्मा

आमच्या घरात एक पुस्तक होतं, जे आणून बरीच वर्षं झाली तरी घरातल्या कुणीच शेवटपर्यंत वाचलेलं नव्हतं. कंटाळवाणं म्हणून नव्हे. त्याच्या आधीचे भाग आम्ही तहानभूक विसरून वाचले होते. या शेवटच्या भागाचे पहिले चार फर्मे आईनं वाचले आणि पाचव्याला हात लावला नाही. पुढं तिची नजर जवळजवळ गेली, तरी ती हट्ट सोडेना. तिचा हट्ट समजायला आमच्या घरची वाचायची रीत सांगायला हवी.

वडिलांना मी आबा म्हणायची. त्यांचं कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत बाइंडिंगचं दुकान होतं. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. तिथं पुठ्ठ्यांची चळत, दाभण, दोऱ्याची रिळं आणि खळीचं पातेलं. आमच्या डब्यातल्या भाकरीलाही खळीचा वास येतो असं शाळेतल्या मैत्रिणी म्हणायच्या. मला तो कधी आला नाही.

पुस्तक छापलं की सोळा-सोळा पानांचे गठ्ठे होतात, त्यांना फर्मे म्हणतात. असे फर्मे एकावर एक ठेवून शिवले की पुस्तक तयार. लोक आबांकडं पुस्तकं शिवायला आणायचे, आणि आबा स्वतः विकत आणलेलं पुस्तक घरात आल्या आल्या उसवायचे. कव्हर सोडवायचं, तारा काढायच्या, फर्मे सुटे करायचे. पहिला फर्मा आबा घ्यायचे. तो वाचून झाला की आईकडं, आईचा झाला की माझ्याकडं. असं एकच पुस्तक घरात तिघं एका वेळी वाचायचो. आबा दुकानात, आई चुलीपाशी, मी जिन्यात. सगळ्यांचं झालं की आबा ते नव्यानं शिवून, कापडी पाठ लावून फळीवर ठेवायचे.

या रीतीला दोन नियम होते. पुढच्याला ओलांडून फर्मा घ्यायचा नाही, आणि मागच्याला पुढचं सांगायचं नाही. संध्याकाळच्या चहाला आबा आणि आई दोघांचं जिथवर झालं असेल तिथवरचं बोलायचे, आणि त्या वेळी मला काहीतरी आणायला बाहेर पिटाळायचे. मी शेंडेफळ आणि एकुलती एक, त्यामुळं रांगेत कायम शेवटची. बाहेरून मला त्यांचं हसू ऐकू यायचं आणि माझा जळफळाट व्हायचा.

असं आम्ही पुष्कळ काही वाचलं, पण खरा जीव होता तो एका मालिकेवर. वर्षाला एखादा भाग यायचा. एक ट्रक ड्रायव्हर आणि त्याचा क्लीनर. क्लीनर ड्रायव्हरपेक्षा वयानं मोठा, त्यामुळं तो हुकूम ऐकायचा कमी आणि सोडायचा जास्त. दर भागात ट्रकमध्ये वेगळा माल, वेगळा रस्ता, वाटेत कुणीतरी हात दाखवून चढलेलं, आणि त्याची काहीतरी भानगड. ती भानगड निस्तरता निस्तरता ड्रायव्हर प्रत्येक ढाब्यावर एका माणसाची चौकशी करायचा. तो त्याचा धाकटा भाऊ. भांडून घर सोडून गेलेला. एकेका भागात त्याची नुसती चाहूल लागायची. कुणी म्हणायचं, परवाच इथं जेवून गेला. आईला चोऱ्या-माऱ्यांशी काही देणंघेणं नव्हतं. तिला तो भाऊ सापडायला हवा होता.

पुढं मी पुण्याला शिकायला गेले, तिथंच कॉलेजात मराठी शिकवायला लागले, आणि प्राध्यापकीबरोबर जो शहाणपणा अंगात येतो तो माझ्याही आला. ट्रकवाल्यांची पुस्तकं आवडायची हे मी चारचौघांत सांगेनाशी झाले. फोनवर आबा म्हणायचे, "नवा भाग आलाय. तुझं फर्मं काढून ठेवल्यात." मी म्हणायची, येते. दिवाळीला यायची, गठ्ठा उशाशी घेऊन झोपायची आणि न वाचताच परत जायची. मग आबा निमूटपणे ते शिवून फळीवर ठेवत. रागावले कधीच नाहीत.

शेवटचा भाग आला तेव्हा त्याच्या मलपृष्ठावर 'अंतिम भाग' असं छापलेलं होतं. आबांनी तो नेहमीसारखा उसवला. त्यांचा पाचवा फर्मा चालू होता आणि आईचा चौथा संपत आला होता, तेव्हा एके दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. दिवसकार्य आटोपल्यावर आईनं चौथा फर्मा पुरा केला, सगळे फर्मे एकत्र दोऱ्यानं बांधले आणि दुकानातल्या खणात ठेवून दिले. दुकान पुढं भाड्यानं गेलं, तेव्हा तो गठ्ठा तिच्या कपाटात आला.

गठ्ठ्याचं हे मला गेल्या वर्षी कळलं. मुदतीआधी निवृत्ती घेऊन मी कोल्हापूरला परत आले, कारण आईला काचबिंदू झाला होता. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, गेलेली नजर येणार नाही, उरलेली टिकवायची. माणूस आला-गेला तिला दिसतो, अक्षर दिसत नाही. दुपारचा वेळ तिला खायला उठायचा. म्हणून मी तिला वाचून दाखवायचं ठरवलं आणि माझ्या संग्रहातली एक नावाजलेली कादंबरी काढली. पंधरा मिनिटं तिनं मुकाट ऐकलं.

"ह्यात कोन कुठं जातंय का न्हाय?" तिनं विचारलं.

"आई, ही मनातल्या प्रवासाची कादंबरी आहे."

"मग मनातच वाच तू. ती ट्रकची पुस्तकं काढ की."

फळीवरून पहिला भाग काढताना मला धास्ती वाटत होती. लहानपणी आवडलेलं पुन्हा वाचलं की कधी कधी फार वाईट वाटतं. पहिल्या भागात वाटलंही. योगायोग किती, ढाब्यावरची प्रत्येक बाई विधवाच कशी, आणि ट्रकला दर वेळी घाट चढतानाच बिघाड कसा होतो. मी मध्येच थांबून आईला हे दाखवून द्यायला लागले. ती म्हणाली, "पेपर तपासायला बसलीयास व्हय?" मी गप्प वाचायला लागले.

तिसऱ्या भागात कधीतरी माझ्यातली प्राध्यापक उठून गेली. ट्रकमध्ये गुळाच्या ढेपा भरताना क्लीनर जी कुरकुर करतो ती चार पानांची कुरकुर वाचताना आम्ही दोघी इतक्या हसलो की आईला ठसका लागला. मग लक्षात यायला लागलं की या लेखकाला कामाचं वर्णन करता येत होतं. दोरी कशी आवळायची, ताडपत्री कुठं दुमडायची, थंडीत इंजिन कसं चुचकारायचं. इतकी वर्षं मी पोरांना साहित्य शिकवलं आणि असलं काही त्यांना दाखवलं नाही याचं मला मनापासून वाईट वाटलं. मला ही पुस्तकं आवडत होती. फार आवडत होती. हे मान्य करायला मला पन्नाशी उलटावी लागली.

सातव्या भागात एक गंमत झाली. ट्रकचा पाठलाग चाललाय, मागं जीप, पुढं अर्धवट पूल, मी पान उलटलं आणि वाचलं, "संस्थेच्या सभासदांना कळविण्यास आनंद होतो की, चालू वर्षी म्हशीच्या दुधाच्या संकलनात वाढ झाली आहे." मी थबकले. आईचा चेहरा मात्र खुलला.

"वडगावच्या पावण्यांचा अहवाल," ती म्हणाली.

मग तिनं सांगितलं. पेठ वडगावच्या बाजूच्या एका गावातल्या दूध संस्थेचे अहवाल तेव्हा आबांकडं शिवायला आले होते. आकार सारखाच. आमच्या पुस्तकाचे फर्मे नेहमीप्रमाणं घरभर पसरलेले, एक माझ्या दप्तरात, एक चुलीपाशी. लाईट गेलेली असताना आबांनी गोळा करून शिवले आणि अदलाबदल झाली. लक्षात आलं तोवर अहवालांचा गठ्ठा गावी गेला होता. आबा कितीतरी दिवस धसका घेऊन होते की संस्थेचे सेक्रेटरी येऊन दुकानात तमाशा करणार. कुणी आलं नाही. पुढच्या वर्षी तेच सेक्रेटरी नवे अहवाल शिवायला घेऊन आले, चहा पिऊन गेले. त्यांच्या एका अहवालात सोळा पानं जीपनं पाठलाग केला होता आणि गावात कुणाला पत्ताही नव्हता.

"आता पुलावर काय झालं ते कसं कळणार?" मी म्हटलं.

"शिवायच्या आधी वाचलंतं की आमी," आई म्हणाली आणि तिनं हरवलेला फर्मा तोंडानं सांगितला. जीपचा टायर कसा फुटला, क्लीनर पुलावरून कसा ओरडला, सगळं. तोही फर्मा लहानपणी माझ्या हातून गेलेला असणार, पण मला त्यातलं अक्षरही आठवत नव्हतं. तिनं सांगितलेलं आबांच्या शब्दांत होतं हे मला ओळखू येत होतं. ते दोघं चहाला बसून जे बोलायचे आणि मला बाहेर घालवायचे, ते मी पहिल्यांदा ऐकत होते.

असं करत उन्हाळा गेला, पाऊस आला, आणि फळीवरची पुस्तकं संपली. मी न वाचलेले भागही आता वाचून झाले. उरला शेवटचा. आईनं कपाटातला गठ्ठा आपल्या हातानं काढून दिला. पहिला फर्मा, दुसरा, तिसरा. ड्रायव्हर थकलेला, क्लीनर आजारी, ट्रक विकायला काढलेला. चौथ्याच्या शेवटी कुणीतरी त्याला एका घराचा पत्ता देतं आणि तो ट्रक तिकडं वळवतो. तिथं फर्मा संपला. मी पाचवा, म्हणजे शेवटचा, उचलला.

"ऱ्हाऊ दे," आई म्हणाली.

"का?"

"ह्यांनी त्यो अर्धाच वाचलाय. त्यांच्या फुडं मी कशी जाऊ?"

मी तो गठ्ठ्यात परत ठेवला. पुढच्या दुपारी पुन्हा विचारलं, तिनं पुन्हा तेच सांगितलं. आठवडाभर हे चाललं. शेवटी माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "आई, नियम खेळाचा होता. आबा आज असते तर त्यांनीच तुला वेड्यात काढलं असतं. तुला त्या भावाचं काय झालं हे कळायला नको?"

"पायजे की." तीही चढ्या आवाजात बोलली. "पर कळल्यावर बोलायचं कुनाशी? ह्यांच्यासंगं बोलल्याबिगर मला कुठलं पुस्तक संपल्यासारखं वाटलं न्हाय कवा. तू हायस, पर तू मागं. मागच्याला सांगायचं न्हाय."

इतके दिवस मला वाटत होतं की ती आबांच्या आठवणीपायी थांबलीय. ती थांबली होती, कारण चहाला समोर कुणी नव्हतं. आणि ती रिकामी जागा ज्या मुलीनं घ्यायची ती उशाशी गठ्ठे ठेवून न वाचता पुण्याला जात होती. मी तिच्या शेजारी बसले आणि तिचा हात धरला.

मग आईच म्हणाली, "असं कर. ह्यो तू वाच आदी. मनात. मग मला वाचून दाव. म्हंजे तू फुडं झालीस."

"आणि चहाला?"

"चाला बोलू की."

मी पाचवा फर्मा उघडला. आबा वाचतानाही कामातून उठून आलेले असायचे, त्यामुळं त्यांनी उलटलेल्या प्रत्येक पानाच्या कोपऱ्यावर खळीनं भरलेल्या अंगठ्याचा पिवळट डाग असायचा. सगळ्या भागांत तो होता, इतका की मला तो दिसेनासा झाला होता. आता मी प्रत्येक पानावर तो बघत वाचत होते. आई माझ्याकडं तोंड करून बसली होती.

"डाग हाईत का?" तिनं विचारलं.

"आहेत."

दोन पानं उलटली. पुढच्या पानाचा कोपरा स्वच्छ होता. त्याच्या पुढचाही.

"आता?"

"आता नाहीत, आई."

तिनं हात लांबवून तो कोपरा चाचपला. मग म्हणाली, "हो फुडं."

मी पुढं वाचत गेले. ड्रायव्हर त्या घरापाशी पोहोचतो, दार वाजवतो, दार उघडतं. पुढं काय ते मी सोळाव्या पानापर्यंत वाचलं. जे आबांना कळलं नव्हतं ते मला कळलं होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी या घरात सगळ्यांच्या पुढं होते. मला ते मुळीच नको होतं. मला जिन्यात जाऊन बसायचं होतं आणि आतून त्या दोघांचं हसू ऐकायचं होतं.

"झालं?" आईनं विचारलं.

"झालं."

"मग वाच. आनि आवाज सरळ ठेव. ह्यांना फुडचं काय ते कळलेलं असलं की चाला बोलताना ह्यांचा आवाज बदलायचा, मला लगीच समजायचं."

मी फर्मा पुन्हा पहिल्या पानावर आणला, घसा खाकरला आणि पहिलं वाक्य वाचलं. चार शब्दांतच माझा आवाज फाटला.

"व्हय," आई म्हणाली. "असाच."