पुढची प्रार्थना कोणाकडे?

अगं, ये इकडे. अशी पाहुण्यासारखी दारात उभी राहू नकोस, जवळ बस. कागदावरच बोलावतेय तुला, पण बस. आणि परवा मला काय मेसेज पाठवलास गं? 'मावशी, तुझ्यासाठी रोज प्रार्थना करतेय', पुढे जोडलेले हात तीनदा. सख्ख्या बहिणीची मुलगी तू, आणि दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरहून मानेसर म्हणजे काही परदेश नाही. सात महिन्यांत एकदाही फिरकली नाहीस! फार रागावले मी. मग दिवसभर वाटत राहिलं, हे वाक्य कुठे ऐकलंय? संध्याकाळी आठवलं. ऐकलं नव्हतं, मीच म्हटलं होतं.

तू दिल्लीत यायच्या खूप आधीची गोष्ट. तुझ्या आत्ताच्या क्वार्टरपासून दोन गल्ल्या पलीकडे आमचं क्वार्टर होतं. मराठी ख्रिस्ती घरं आठ-नऊ, कोणी नगरचं, कोणी जालन्याचं, सगळी सरकारी नोकरीतली. चर्चमधली उपासना हिंदीत, म्हणून महिन्यातून एका शनिवारी कोणाच्या तरी घरी मराठी प्रार्थना. पलंग भिंतीला उभा करायचा, सतरंजी घालायची. चपला पार जिन्यापर्यंत. शेवटचं आमेन झालं की कोणीतरी विचारायचंच, "पुढची प्रार्थना कोणाकडे?" आणि कोणीतरी "आमच्याकडे" म्हटल्याशिवाय चहा यायचा नाही. असा नियमच होता आमचा.

आमच्या वरच्या मजल्यावर माझी मैत्रीण राहायची, नगरची. गायनात वरचा सूर तिचा, खालचा माझा. मी चुकून तिच्या सुरात शिरले की कोपर मारायची. "तू वर येऊ नकोस, तू आपली खाली रांग!" सगळे हसायचे. आमचे हे तर पेटी वाजवायचं थांबवून हसायचे.

मग बदल्या झाल्या, लोक रिटायर होऊन गावी गेले. हे गेले. मुलाला मानेसरच्या कारखान्यात नोकरी लागली, तो मला इकडे घेऊन आला. मैत्रीण मुलीकडे नोएडाला गेली. आठ-नऊ घरांतल्या आम्ही दोघीच उरलो, म्हणून प्रार्थना फोनवर करायला लागलो. शनिवार मात्र सोडला नाही. शेवटी ती विचारायची,

"पुढची प्रार्थना कोणाकडे गं?"

"आमच्याकडे."

"नेहमी तुझ्याचकडे? आणि चहा कधी पाजत नाहीस, कंजूष कुठली!"

मग ती बाथरूममध्ये पडली, अंथरुणाला खिळली. एका शनिवारी म्हणाली, "एकदा येऊन जा गं. फोनवर तुझा सूर खरखरतो."

मी म्हटलं, "माझे गुडघे ठाऊक आहेत ना तुला? मेट्रोचे ते जिने, मग पुढे रिक्षा... पण तुझ्यासाठी रोज प्रार्थना करतेय बरं का."

ती म्हणाली, "अच्छा. कर हो."

त्या दिवशी तिने तो प्रश्न विचारला नाही. माझ्या लक्षात आलं होतं, खोटं कशाला बोलू? विचारून घ्यायला हवं होतं मी. फोन ठेवला आणि कुकर लावला. पुढच्या शनिवारच्या आत तिच्या मुलीचा फोन आला. मातीलाही गेले नाही मी. गुडघे.

आणि बघ, प्रार्थना खोटी नव्हती. रोज सकाळी तिचं नाव घेत होते, रडतसुद्धा होते. म्हणूनच जास्त लागतं. वधस्तंभावर जायच्या आदल्या रात्री त्या बागेत प्रभूलासुद्धा माणसंच हवी होती ना? तिघा शिष्यांना जवळ थांबा म्हणाला, आणि ते झोपले. मी जागी होते, तरी गेले नाही.

आता माझी पाळी. मुलाला कंपनीने चेन्नईला पाठवलंय. सकाळी कंपन्यांच्या बसेस येतात आणि अख्खी बिल्डिंग रिकामी करून नेतात. मग लिफ्टचा आवाजसुद्धा येत नाही. कधी कधी मी गेटवरच्या वॉचमनला इंटरकॉम लावते. "भैया, मेरे यहाँ कोई आया था क्या?" तो म्हणतो, "नहीं आंटीजी." बिचारा अजून वैतागला नाही.

चर्चचे पाळक म्हणतात, प्रभू सोबत असतो, विश्वासणारा एकटा नसतो. असेल. मी नाही म्हणत नाही. पण तो चहा घेत नाही, आणि वरचा सूरही धरत नाही. खालचा सूर एकटीने गायला ना, की गाणं कोणतं तेच कळत नाही. चाल असते वरच्या सुरात, ती पन्नास वर्षांत मी कधी गायलेच नाही. दुसऱ्या ओळीला थांबते.

तरी महिन्याच्या त्या शनिवारी सतरंजी घालते. आमेन म्हणते, मोठ्याने विचारते, आणि उत्तरही मीच देते. त्यानंतर चहा करावासा वाटत नाही.

तू येणार नाहीस, हे मला जवळजवळ ठाऊक आहे. कोणत्या तोंडाने रागावू? मी तरी कुठे गेले होते? पण मेसेज करू नकोस आता. पुढची प्रार्थना आमच्याकडे आहे. गाता येत नसेल तर नुसती शेजारी बस. ये गं, लवकर ये.