सलीमने सरकवलेला ग्लास

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, देवाला नाही — आणि देवापुढे तर मी इतक्या मोठ्याने बोलतो की पलीकडच्या देवळातल्या देवालाही ऐकू जावं. तुम्हाला सांगतो. तुम्ही धारूरचे नाही ना? मग बरं.

आमच्यात सिनेमा सगळ्यांनी बघायचा नसतो. एकाने बीडला जाऊन बघायचा आणि स्टँडजवळच्या हॉटेलात बाकीच्यांना सांगायचा. सांगणारा कोण? मी! माझ्या तोंडून सिनेमा ऐकलेला माणूस कधी तिकीट काढत नाही. काढलंच, तर पडद्यावर कमी दाखवलं म्हणून भांडून येतो. एकदा मी पाठलाग सांगताना बाहेरची म्हैस दावं तोडून पळाली. खोटं नाही. म्हणजे — म्हैस होती, एवढं खरं.

तर त्या वर्षी मी आणि सलीम बीडला गेलो. सलीम सीताफळांचा व्यापारी, शाळेपासूनचा दोस्त. माल उतरवला आणि शेजारी शेजारी बसून गुन्हेगारीचा एक सिनेमा बघितला. बघितला — हा शब्द जरा लक्षात ठेवा. काळी गाडी, राखाडी सूट, लांबच लांब सावल्या, आणि हिरो असा की तोंड उघडलं तर दात पडतील. मारामारी नाही, गाणं नाही. वरून एसीचं वारं, खाली मऊ खुर्ची...

ते राहू द्या. संध्याकाळी हॉटेल भरलं. मी उभा राहून सांगितलं — हिरोने रेल्वेपुलावरून उडी मारली, हवेतच चाळीस जण लोळवले, आणि खाली आला तो थेट घोड्यावर! लोकांच्या हातातले चहा गार झाले. तेवढ्यात सलीम हळूच म्हणाला, "न्हाई बे. उडी-बिडी कायबी न्हाई. घोडा तर न्हाईच. तो नुसता बघतो. पण काय बघतो! लई भारी काम केलंय."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. एवढ्या वर्षांची माझी गादी — अशी सोडायची? मी म्हणालो, "ह्याचं कावून ऐकता? हा निम्म्यापासून घोरत व्हता. शेवटी मीच हलवून उठवला!"

हॉटेल हसून फुटलं. सलीमने माझ्याकडे बघितलं. आपल्यापुढचा पाण्याचा ग्लास माझ्यापुढे सरकवला, उठला आणि गेला. "चालला झोपायला!" कुणीतरी ओरडलं. सगळ्यांत मोठ्याने कोण हसलं असेल?

तेव्हापासून तो झोप्या. बाजारात बोली लागली की, "झोप्याभाई, जागा हायस का?" पोरीच्या लग्नात व्याह्यानेही तेच विचारलं. माझ्याबरोबर बीडला तो पुन्हा आला नाही.

घोरत होतो तो मी.

दिवे लागल्यावर सलीमने मला हलवून उठवलं. येताना पिकअपमध्ये बिचारा सगळी गोष्ट सांगायला लागला, तर मीच डाफरलो — मला सांगतो का बे?

परवा तो सिनेमा मोबाईलवर सापडला. भर दुपारी, जागा राहून बघितला. शेवटाकडे हिरोचा जुना दोस्त आपला गुन्हा त्याच्यावर ढकलतो. हिरो त्याला एका खानावळीत गाठतो. दोस्त बडबडतोय, खोट्यावर खोटं रचतोय. आता ह्याने बंदूक काढलीच, म्हणून मी श्वास धरून बसलो. तो बंदूक काढत नाही. चेहऱ्यावरची रेघ हलत नाही. पुढ्यातला पाण्याचा ग्लास दोस्तापुढे सरकवतो, उठतो, जातो. बस.

मी मोबाईल पालथा ठेवला.

म्हणजे त्या दिवशी सलीमने सिनेमा बघितल्याचा पुरावा अख्ख्या हॉटेलसमोर दिला होता! तो ओळखू शकेल असा माणूस तिथे एकच होता — आणि त्याने तो प्रसंग झोपेत घालवला होता.

काल हॉटेलात फर्माईश झाली, तोच सिनेमा. सलीम समोरच्या बाकावर. आता तरी खरं सांगितलं असेल, असं वाटतंय तुम्हाला? चाळीसचे साठ झाले. घोडा होताच. ऐन उडीच्या वेळी माझा घसा कोरडा पडला. सलीमने मान वर केली नाही, फक्त हात लांबवला. ग्लास टेबलावरून सरकत माझ्यापर्यंत आला.

मी पाणी प्यायलो, मिशा पुसल्या, आणि घोडा पुढे काढला.