बर्फात राहिलेला मदतनीस

बाविशीत मी फार हुशार होते. मदतनीस प्रथिन न घालताच प्रयोग सुरू केला, आणि तो फसल्यावर प्रयोगशाळेतल्या शिपायांची लेखी तक्रार केली, की यांनी फ्रीज उघडा टाकला. माझी नात मला विद्वान समजते. समजू दे बापडी.

हे शिपाई सटाण्याकडचे गृहस्थ, हंगामी नोकरीतले. काचेच्या भांड्यांशी गप्पा मारत ती धुवायचे, माझ्याशी मात्र मोजकंच बोलायचे. कुठलीही नळी उजेडात धरून पाहिल्याशिवाय टाकायचे नाहीत. त्या संध्याकाळी बर्फातली एक नळी त्यांनी माझ्यापुढे धरली. "मॅडम, ही तं भरेलच शे." खरंच, मदतनीस प्रथिनाची नळी भरलेलीच होती.

पेशीतलं एक प्रथिन वापरून झालेला न्यूक्लिओटाइड नावाचा छोटा रेणू गच्च धरून बसतं. मदतनिसानं पकड सैल केली, की तो सुटतो आणि ताजा आत शिरतो. हे मी फळ्यावर चित्र काढून इतरांना शिकवत होते! आणि माझा मदतनीस दिवसभर बर्फात.

तक्रार प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांच्या टेबलावर पोचली होती. तिच्यापायी यांची नोकरी जाणार होती. हे त्यांना सांगितलं खरं, पण ती मागे घ्यायला जायचं सोडून मी "सॉरी, सॉरी" करत खुर्चीला चिकटलेली. त्यांनी हात पुसले आणि म्हणाले, "चला, सरांकडं मी येतो बरोबर. एकट्या गेलात तर लाज वाटंल तुम्हाला."